मोर्तब कोणाचे?

अंधारात उंबरठ्यावर पायाचे बोट आदळते आणि तोंडातून 'आई गं' हे शब्द निघून जातात. हा प्रसंग इतका नित्याचा आहे की त्यात विचार करण्याजोगे काही असेल अशी शंकाही सहसा कोणास येत नाही. परंतु त्याच्या क्रमाकडे जो सावधपणे पाहील त्यास असे आढळेल की प्रथम काही तरी आदळल्याची जाणीव होते, तिच्यामागून एक तीव्र कळ येते, ती ओसरते न ओसरते तोच एक खोल, मंद, बराच वेळ रेंगाळणारा ठणका सुरू होतो, आणि पाय मात्र या साऱ्याचा नीट उलगडा होण्यापूर्वीच मागे घेतला गेलेला असतो. तो कोणी घेतला? 'मी घेतला' म्हणावे, तर मला वार्ता कळण्यापूर्वीच ते काम उरकले होते. 'मी घेतला नाही' म्हणावे, तर पाय माझा, कळ माझी, आणि जिला हाक गेली ती आईही माझीच. आत्मविचाराचा आरंभ हिमालयातच केला पाहिजे असे नाही. तो घरच्या उंबरठ्यावरही करता येतो.

या क्रमाचा शारीरशास्त्रीय खुलासा सोपा आहे. स्पर्शाची वार्ता नेणाऱ्या मज्जातंतूंना स्निग्ध द्रव्याचे वेष्टण असते आणि त्यांतून ती सेकंदाला पन्नास मीटर वा त्याहूनही अधिक वेगाने धावते. ठणका ज्यांच्यावाटे येतो ते तंतू बारीक व वेष्टणहीन असल्यामुळे त्यांतली वार्ता सेकंदाला मीटरभर, फार तर दोन मीटर, या चालीने येते. एकाच घटनेची दोन टपाले निघतात, एक घोडेस्वाराबरोबर आणि दुसरे पायी जासुदाबरोबर. योहानेस म्यूलर या जर्मन पंडिताचे मत असे होते की मज्जातंतूंतील या संचाराचा वेग मोजणे मनुष्याला कधीच साधणार नाही. त्याच्याच शिष्याने, हर्मान हेल्महोल्ट्झने, १८५० साली बेडकाच्या तंतूवर तो मोजून दाखविला आणि तो सेकंदाला सुमारे २७ मीटर, म्हणजे भरधाव घोड्याहून फारसा अधिक नाही, असे निघाले. त्या दिवसापासून माझ्यात आणि माझ्या पायाच्या बोटात काळ शिरला. जे आपण तत्क्षणी जाणतो असे समजतो ते थोडे शिळे झालेले असते.

या संस्थेस मराठीत मज्जासंस्था हे नाव रूढ आहे. आयुर्वेदातील मज्जा म्हणजे हाडांच्या पोकळीत वसणारा, सात धातूंपैकी सहावा धातू. त्याची आणि या तंतूंची गल्लत वाचकाने करू नये. रचनेच्या दृष्टीने पाहता तिचे हुजूर आणि मुलूख असे दोन भाग पडतात. हुजुरात मेंदू आणि पाठीच्या कण्यातून गेलेला मज्जारज्जू हे दोघे मोडतात. मेंदूपासून निघणाऱ्या १२ व मज्जारज्जूपासून निघणाऱ्या ३१ अशा तंतूंच्या जोड्या अंगभर पसरतात, तो मुलूख. मेंदूचे वजन सुमारे १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याइतके; परंतु शरीरास मिळणाऱ्या प्राणवायूपैकी पाचवा हिस्सा तो एकटा खातो. राजधानीचा खर्च मुलखाच्या मानाने नेहमीच अवाच्या सव्वा असतो, हा इतिहासाचा अनुभव येथेही खोटा ठरत नाही. मज्जारज्जू जेमतेम करंगळीएवढा जाड आणि सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. तो कमरेच्या किंचित वरच संपतो. त्यातून निघणाऱ्या प्रत्येक तंतूस दोन मुळे असतात, आणि लंडनच्या चार्ल्स बेलने १८११ मध्ये व पॅरिसच्या फ्रांस्वा माझांदीने १८२२ मध्ये केलेल्या प्रयोगांवरून असे ठरले की मागल्या मुळाने फक्त वार्ता आत येतात आणि पुढल्या मुळाने फक्त हुकूम बाहेर जातात. आवक आणि जावक यांची बारनिशी इतक्या काटेकोरपणे निराळी ठेवणारी कचेरी मनुष्याने स्वतः क्वचितच चालविली असेल.

परंतु या राज्याचा खरा विशेष हा की येथे प्रत्येक कागद हुजूरपर्यंत जातच नाही. ठेचेच्या वेळी पाय मागे घेण्याचा हुकूम मज्जारज्जूनेच, मामलेदाराने आपल्या अखत्यारीत दंगा मोडावा तसा, दिलेला असतो; हुजुरास मागाहून वर्दी मिळते इतकेच. हृदयाची गती आणि श्वासाचा ताल मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेच्या स्वाधीन आहे. रक्तवाहिन्या, घाम, डोळ्याची बाहुली, पचन हा सारा कारभार केंब्रिजच्या लँगलीने ज्यास 'स्वायत्त' हे नाव दिले त्या खात्याकडे असून, त्यातही संकटसमयी तैनाती फौज उभी करणारी अनुकंपी शाखा आणि स्वस्थतेच्या वेळी कोठार भरणारी परानुकंपी शाखा अशा दोन शाखा एकमेकींवर वचक ठेवून असतात. आतड्याच्या भिंतीत तर दहा कोटींहून अधिक मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे आहे, आणि हुजुराशी असलेले बंध तोडले तरी ते आपले काम पुष्कळसे चालूच ठेवते. राजधानीतही तोच प्रकार. मेंदूतील सुमारे ८६०० कोटी मज्जापेशींपैकी ६९०० कोटी डोक्याच्या मागील छोट्या मेंदूत असतात, आणि चालण्याबोलण्याचा तोल सांभाळणाऱ्या त्या प्रचंड लोकसंख्येची खबरही ज्याला आपण 'मी' म्हणतो त्यास नसते.

प्रश्नोपनिषदात प्राणाची तुलना सम्राटाशी केली आहे: सम्राट जसा अधिकाऱ्यांस निरनिराळी गावे नेमून देतो, तसा मुख्य प्राण इतर प्राणांस निरनिराळ्या स्थानी नियुक्त करतो, असे पिप्पलाद ऋषी कौसल्याला सांगतात. शरीर हे एक विकेंद्रित राज्य आहे ही कल्पना आपल्याकडे किती जुनी आहे हे त्यावरून दिसते. मात्र त्या उपमेत सम्राट आहे. शारीरशास्त्राने गावे शोधली, अधिकारी शोधले, डाकेचे मार्ग शोधले, आणि सम्राटाच्या शोधार्थ निघाल्यावर त्याचा अनुभव निराळा आला.

प्रथम तर राज्य सलग आहे की नाही याचाच वाद उपस्थित झाला. इटलीच्या कामिल्लो गोल्जीने १८७३ साली रौप्यक्षारांनी मज्जापेशी रंगविण्याची रीत शोधून काढली, आणि तिच्या साहाय्याने पाहता त्यास असे वाटले की सर्व तंतू एकमेकांत मिसळून एकच अखंड जाळे झालेले आहे. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने तीच रीत वापरून नेमके उलट पाहिले: प्रत्येक पेशी निराळी आहे, ती दुसरीच्या अगदी जवळ जाते, परंतु तिच्यात विलीन होत नाही. १९०६ साली नोबेल पारितोषिक या दोघांस विभागून मिळाले तेव्हाही गोल्जीने आपल्या भाषणात प्रतिपक्षाचे मत खोडण्याचाच उद्योग केला. पुढे काहालचाच पक्ष खरा ठरला. त्या दोन पेशींमधील संधिस्थानास इंग्लंडच्या शेरिंग्टनने 'सिनॅप्स' हे नाव दिले, आणि १९२१ साली ऑटो लोवी याने एका बेडकाच्या हृदयाची गती मंदावून त्याच्या भोवतीचे द्रव दुसऱ्या हृदयास दिले असता तेही मंदावते, असे दाखवून त्या संधीपलीकडे निरोप रासायनिक द्रव्याच्या हातून जाऊ शकतो हे सिद्ध केले.

तत्त्वविचाराच्या दृष्टीने या वादाचे महत्त्व मोठे आहे. मज्जासंस्था गोल्जीच्या मताप्रमाणे एकच अखंड पट असती, तर चैतन्याच्या एकत्वाला शरीरात एक आयता आधार मिळाला असता. परंतु ती निघाली परस्परांशी पत्रव्यवहार करणाऱ्या अब्जावधी निराळ्या व्यक्तींची, आणि प्रत्येक दोघींमध्ये एक सूक्ष्म खिंड. नागसेन भिक्षूने मिलिंद राजास विचारलेला प्रश्न येथे आठवल्यावाचून राहत नाही: चाक म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, जू म्हणजे रथ काय? राजास प्रत्येक वेळी 'नाही' म्हणावे लागले आणि शेवटी कबूल करावे लागले की रथ हे या साऱ्यांच्या मेळाला दिलेले नाव आहे. गंमत अशी की कठोपनिषदानेही रथाचेच रूपक योजिले आहे, पण तेथे रथात रथी बसलेला आहे. एकाच रथाकडे पाहून एकाने स्वामी मानला आणि दुसऱ्याने तो नाकारला. वाद रथाविषयी नव्हताच.

स्वामीची जागा दाखविण्याचे प्रयत्न युरोपात पुष्कळ झाले. ॲरिस्टॉटलने ती हृदयात मानली. गेलेनने डुकराच्या स्वरयंत्राकडे जाणारे तंतू बांधून त्याचे ओरडणे थांबविले आणि हुकूम मेंदूतून येतो हे लोकांसमक्ष दाखविले. देकार्तने मेंदूतील बहुतेक अवयव जोडीने असून एक वाटाण्याहून लहान ग्रंथी तेवढी एकटी आहे हे हेरून आत्म्याचे मुख्य ठाणे तेथे बसविले. विसाव्या शतकात माँट्रियलच्या वाइल्डर पेनफिल्ड या शल्यविशारदाने अपस्माराच्या रोग्यांवर, ते जागे असताना, शस्त्रक्रिया करतेवेळी मेंदूच्या पृष्ठभागास सूक्ष्म विद्युत्प्रवाहाने स्पर्श केला. एके ठिकाणी स्पर्श करताच हात हले, आणि रोगी म्हणे की हा मी हलविला नाही, तुम्ही हलविलात. दुसऱ्या एखाद्या ठिकाणी जुनी गाणी ऐकू येत. परंतु जेथे स्पर्श केला असता रोग्याने एखादा निश्चय करावा किंवा एखादी श्रद्धा धरावी असे स्थान त्यास आढळले नाही, आणि त्यावरून उतारवयात तो मन हे मेंदूहून निराळे असावे या मताकडे झुकला.

याच्या उलट टोकास रॉजर स्पेरीचे संशोधन जाते. मेंदूच्या दोन गोलार्धांना जोडणारा सुमारे २० कोटी तंतूंचा सेतू ज्यांच्या अपस्मारावर उपाय म्हणून छेदावा लागला, अशा रोग्यांत एका गोलार्धाने पाहिलेले दुसऱ्यास कळत नाही असे त्याने दाखविले. त्याचा शिष्य मायकेल गॅझॅनिगा याने केलेला एक प्रयोग तर मुद्दाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे. बोलणाऱ्या डाव्या गोलार्धास कोंबडीचा पाय दाखविला आणि मुक्या उजव्या गोलार्धास बर्फाने वेढलेले घर. रोग्याच्या डाव्या हाताने, उजव्या गोलार्धाच्या आज्ञेनुसार, बर्फ उपसण्याच्या फावड्याचे चित्र निवडले. हेच का निवडले असे विचारता बोलणारा गोलार्ध, ज्यास बर्फाची वार्ताच नव्हती, किंचितही न अडखळता उत्तरला की कोंबड्यांचे खुराडे साफ करावयास फावडे लागतेच. हे असत्यकथन नव्हते. दुसऱ्याने केलेल्या कामाची कैफियत आपल्या नावे लिहून तिच्यावर शिक्का उठविणारा तो एक कर्तव्यदक्ष कारकून होता, आणि आपण स्वामी नसून कारकून आहोत याचा त्यास पत्ताही नव्हता.

मराठी दप्तरांतील पत्राच्या अखेरीस मोर्तब उठविण्याची चाल होती. मजकूर कोणी सांगितला, मसुदा कोणी केला, लिहून कोणी काढला, हे मोर्तबावरून कळत नाही. पत्र पुरे झाले एवढेच कळते. 'मी केले' ही जाणीव पुष्कळ अंशी असेच शेवटचे मोर्तब आहे. आपल्या दर्शनकारांनी तिला अहंकार हे नाव दिले, आणि येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे, ज्याच्या विस्मरणामुळे या विषयावरील आपल्याकडील चर्चा वारंवार भरकटते. देकार्तने एका बाजूस शरीर आणि दुसऱ्या बाजूस मन अशी सीमा घातली. सांख्यांनी ती तेथे घातलीच नाही. त्यांच्या मते बुद्धी, अहंकार आणि मन हीही प्रकृतीचीच कार्ये, म्हणजे जड. सीमेपलीकडे उरतो तो केवळ पुरुष, जो काही करीत नाही, फक्त पाहतो. वेदान्तानेही अंतःकरणास दृश्य पदार्थांतच गणले. १८४८ साली अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात रेल्वेचा सुरुंग उडून फिनीअस गेज नावाच्या मुकादमाच्या मेंदूतून लोखंडी पहार आरपार गेली. तो जगला, परंतु त्याचा संयमी स्वभाव पालटून तो उद्धट व अस्थिर झाला, अशी नोंद त्याच्या वैद्याने केली आहे. स्वभाव हा आत्म्याचा गुण मानणाऱ्यास ही कथा अडचणीची वाटेल. सांख्यकार कपिलाच्या अनुयायास ती वाटण्याचे कारण नाही.

परंतु या सुटकेची किंमतही मोजली पाहिजे, आणि ती मोजावयास आपले प्रवचनकार सहसा तयार नसतात. अशा रीतीने जो साक्षी वाचविला त्यास स्मृती नाही, स्वभाव नाही, आवडनिवड नाही, नाव नाही. मरणानंतर आपले काही उरावे असे ज्या कोणास वाटते त्यास जे उरावयास हवे असते ते सारे मज्जापेशींच्या पदरात टाकून आपण फक्त एक नामहीन प्रकाश मागे ठेविला. हा व्यवहार ज्यास मान्य असेल त्याने खुशाल आत्मवादी म्हणवून घ्यावे. ज्यास नसेल त्याने शरीरशास्त्राशी भांडण्यापूर्वी आपल्या दर्शनांशी भांडावे.

चार्वाकाचा आक्षेप याहून सरळ आहे. देह असेतो चैतन्य असते, देह गेला की जाते. तस्मात मद्याच्या घटकांतून मादकता उपजावी तसे चैतन्य देहातून उपजते. ब्रह्मसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायावरील भाष्यात शंकराचार्यांनी यास दिव्याच्या दृष्टांताने उत्तर दिले आहे: दिवा असला तर दिसते, नसला तर दिसत नाही, एवढ्यावरून पाहणे हा दिव्याचा धर्म ठरत नाही. हे उत्तर आजही निरुत्तर करणारे आहे, पण ते कशाचे उत्तर आहे हे नीट समजले पाहिजे. दिव्यावाचून पाहणारा कोणी शिल्लक आहे असे ते सिद्ध करीत नाही. चार्वाकाचे अनुमान अपुरे आहे, इतकेच ते सिद्ध करते. मेंदूतील अमुक स्थान दुखावले की अमुक जाणीव जाते, असे जितके शोध लागतील तितकी दिव्याची माहिती वाढेल. पाहणाऱ्याचा निकाल त्या मुकदम्यात लागणार नाही, कारण तो त्यात पक्षकार म्हणून हजरच नाही.

हा विवेक न राखल्यामुळे दोन भल्या पुरुषांची वाट दोन उलट दिशांस गेली. दयानंद सरस्वतींनी आपल्या आत्मवृत्तात सांगितले आहे की गंगेतून वाहत आलेले एक प्रेत त्यांनी काठावर ओढून चाकूने चिरले, हठयोगाच्या ग्रंथांत वर्णिलेली चक्रे त्यात शोधली, आणि ती न सापडल्यामुळे ते ग्रंथ फाडून प्रेताबरोबर नदीत सोडून दिले. मुंबईचे डॉक्टर वसंत गंगाराम रेळे यांनी १९२७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात कुंडलिनी म्हणजे मेंदूपासून पोटापर्यंत उतरणाऱ्या दहाव्या मज्जातंतूच्या जोडीपैकी उजवा होय असे प्रतिपादन केले. एकाने शास्त्रवचन प्रेतात नाही म्हणून बुडविले, दुसऱ्याने ते प्रेतात दाखवून तारू पाहिले. अनुभवाच्या भाषेत लिहिलेल्या ग्रंथाची रुजुवात शवविच्छेदनाच्या टेबलावर करावी, हे गृहीत मात्र दोघांचे एकच. दयानंदांच्या निर्भयतेस माझा नमस्कार आहे. त्यांच्या निष्कर्षास नाही.

मग निष्पन्न काय? गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव, आणि असे असता जो केवळ स्वतःसच कर्ता समजतो त्याची बुद्धी असंस्कृत आहे, असा निर्वाळाही तेथेच दिला आहे. मज्जासंस्थेची रचना जितकी अधिक पाहावी तितका हा निर्वाळा एखाद्या वस्तुस्थितीच्या नोंदीसारखा वाटू लागतो. पण त्या पाचांत कर्ता आहे. तो पाचात एक आहे, शून्य नाही. 'माझ्या पेशींनी केले, मी काय करू' असे म्हणणारा गुन्हेगार आणि 'सारे मीच केले' असे म्हणणारा विजेता हे दोघेही हिशेबात सारखेच चुकतात. पेशवाईत कारभार पुण्याहून चाले, परंतु पेशव्याच्या शिक्क्यावर नाव साताऱ्याच्या छत्रपतींचे असे आणि अधिकाराची वस्त्रे तेथूनच यावी लागत. ज्याच्या नावे राज्य चालते तो कारभार करीत नाही, आणि जो करतो त्याची सत्ता स्वतःची नसते, हा पेच आपल्या पूर्वजांस अपरिचित नव्हता. उपमा ही प्रमाण नव्हे, हे मी जाणतो. पण साक्षी आणि अहंकार यांचा संबंध मला दुसऱ्या कशानेही इतका स्पष्ट दिसलेला नाही.

कर्त्याचा तो पाचवा हिस्सा कोठे बजावता येतो, हेही शरीरानेच दाखवून ठेवले आहे. हृदयाची गती आपण हुकमाने थांबवू शकत नाही. हात मात्र हुकमाने उचलतो. श्वास तेवढा असा आहे की जो झोपेत लंबमज्जेच्या अंमलात चालतो आणि जागेपणी इच्छेच्या हुकमातही येतो. जुन्या कागदपत्रांच्या भाषेत सांगावयाचे तर हा दुअंमली मुलूख. प्राणायामाचा प्रवेश नेमका या सीमेवरून व्हावा यात योग्यांचे सूक्ष्म निरीक्षण दिसते, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनी याच क्रियांची यंत्रांच्या साहाय्याने परीक्षा आरंभिली त्यात प्रेतात चक्रे शोधण्याहून अधिक शहाणपण होते. त्यांनी जिवंत, श्वास घेणारा मनुष्य तपासावयास घेतला. श्वासाप्रमाणेच सवय. आज प्रयासाने केलेली गोष्ट पुनःपुन्हा केल्याने पेशींमधील त्या खिंडींतल्या वाटा मळतात, आणि उद्या तीच गोष्ट हुजुरास न विचारता परभारे होऊ लागते. क्षणाचा हुकूम बहुधा माझा नसतो. परंतु त्या क्षणी कोणता अंमलदार ठाण्यावर असेल हे मी वर्षानुवर्षे कोणास चाकरीत ठेविले यावर पुष्कळसे अवलंबून असते.

म्हणून ठेच लागताच पाय मागे घेतल्याचे श्रेय मी घेणार नाही. दिवा न लावता अंधारात चालत आलो, तो दोष मात्र माझाच.